सार आणि फल्गु : काष्ठरक्षणाच्या इतिहासातील एक पालट

इमारती लाकडाच्या रक्षणाचा इतिहास सांगणारी पाठ्यपुस्तके बहुधा एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडापासून आरंभ करतात. १८३२ मध्ये जॉन कायन ह्याने पाऱ्याच्या क्लोराइडाच्या द्रावणात लाकूड भिजवून टिकविण्याचे पेटंट घेतले. १८३८ मध्ये विल्यम बर्नेट ह्याने जस्ताच्या क्लोराइडाचा आणि त्याच वर्षी जॉन बेथेल ह्याने दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या क्रिओसोट तेलाचा प्रयोग पुढे मांडला. ह्या तीन नावांच्या आधीचा काळ, प्राचीनांनी लाकडास तेल व डांबर फासले एवढे सांगून, एखाद्या परिच्छेदात आटोपला जातो. ह्या मांडणीतून एक गोष्ट न बोलता सुचविली जाते, ती अशी की, तोपर्यंत मनुष्याला लाकूड राखण्याची विद्या अवगत नव्हती, आणि रसायनशास्त्राच्या उदयाबरोबर ती अवगत झाली. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे.

पुणे जिल्ह्यात मळवलीजवळ भाजे येथील चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील मानले जाते. त्याच्या कमानदार छताला आतून लाकडी फासळ्या बसविलेल्या आहेत आणि त्यांतील काहींवर ब्राह्मी अक्षरे कोरलेली आढळली आहेत. जवळच्या कार्ले येथील चैत्यातही अशाच फासळ्या आहेत, आणि स्तूपावर लाकडी छत्र आहे. दोन हजार वर्षांच्या आसपास वय असलेल्या ह्या लाकडात कोणतेही विष भरलेले नाही. ते टिकले ह्याची कारणे साधी आहेत. ते सागाच्या गाभ्याचे आहे. त्याचा मातीशी कोठेही संबंध येत नाही. माथ्यावर अखंड खडक असल्याने पाऊस त्याच्यापर्यंत पोचत नाही. आणि पुढील भव्य कमानीतून वारा खेळता राहतो. ह्या चारांपैकी एकही कारण योगायोगाने जुळून आले, असे म्हणता येणार नाही. भाज्याचे दगडी खांब आतल्या बाजूस किंचित कललेले आहेत. लाकडी मंडपाच्या खांबांची ती ढब दगडात जशीच्या तशी उतरलेली आहे. लाकडाचे गुणदोष पिढ्यान्‌पिढ्या पारखलेल्या कारागिरांनी हा दगड फोडला, हे त्यावरून उघड होते.

हे गुणदोष त्या काळच्या लोकांनी कसे जाणले होते, हे समजून घेण्यास त्यांच्या शब्दांइतका विश्वसनीय साक्षीदार दुसरा नाही. आज ‘सार’ ह्या शब्दाने मराठी वाचकाला तात्पर्य, निष्कर्ष, मथितार्थ असा काही तरी अमूर्त बोध होतो. सारांश, निःसार, असार ही त्याचीच कुळी. परंतु शब्दाचा जुना अर्थ अत्यंत मूर्त आहे. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील त्रेपन्नाव्या सूक्तात रथाच्या बळकटीसाठी प्रार्थना आहे, आणि तेथे खदिराचे म्हणजे खैराचे ‘सार’ येते. हे सार म्हणजे झाडाच्या खोडातील आतला, गडद रंगाचा, कठीण भाग, म्हणजेच आजच्या वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेतील मध्यकाष्ठ होय. त्याच्या भोवती सालीला लागून जो फिका, रसाने भरलेला थर असतो, त्या रसकाष्ठालाही वेगळे नाव होते. पाली मज्झिमनिकायात सारोपमसुत्त नावाची दोन सुत्ते आहेत. सार शोधावयास अरण्यात गेलेला मनुष्य फांद्या-पाने, पापुद्रे, साल किंवा ‘फेग्गु’ घेऊन परततो आणि आपणास सार मिळाले असे मानतो, असा त्यांतील दृष्टांत आहे. हा फेग्गु म्हणजे रसकाष्ठ. संस्कृतात हाच शब्द ‘फल्गु’ ह्या रूपाने क्षुल्लक, दुर्बळ, निरुपयोगी ह्या अर्थी रूढ झाला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोशात घ्यावयाच्या मालाची सार आणि फल्गु अशी प्रतवारी येते, ती ह्याच जोडीची पुढली पायरी. आणि त्याच ग्रंथात वनोपज माल सांभाळणाऱ्या कुप्याध्यक्षाच्या प्रकरणात ‘सारदारु’ वर्गाची जी यादी आहे, तिच्या आरंभी शाक, म्हणजे आपला साग, आहे.

एका सुताराच्या पारखेतून तत्त्वज्ञानाला आणि राजकोशाला शब्द मिळावा, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला नवी नाही. येथे तिचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. सार टिकते आणि फल्गु किडते, हे ज्ञान इतके सर्वसामान्य होते की, उपदेशकाला श्रोत्यांपुढे ते समजावून सांगावे लागत नव्हते. त्याच्या आधाराने दुसरे काही समजावता येत होते. आधुनिक शास्त्राने ह्या निरीक्षणाची कारणे दिली आहेत. झाड जिवंत असताना रसकाष्ठातून पाण्याचे वहन होते आणि त्याच्या पेशींत पिष्ट साठविलेले असते. काळाने आतल्या पेशी मरतात. मरताना त्यांत राळ, टॅनिन आणि इतर अनेक द्रव्ये साचतात. पाण्याच्या वाटा बंद होतात. सागाच्या मध्यकाष्ठातील टेक्टोक्विनोन हे द्रव्य वाळवीला वर्ज्य असल्याचे आढळले आहे. म्हणजे झाड स्वतःच आपल्या गाभ्याला औषध भरून ठेवते. सागाचे रसकाष्ठ मात्र सावरीच्या किंवा आंब्याच्या लाकडासारखेच लवकर खराब होते. ‘साग किडत नाही’ हे वाक्य म्हणूनच अर्धेच खरे आहे, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग लाकूड विकणारे सांगत नाहीत.

कीटकांच्या बाबतीतही जुनी भाषा सावध आहे. वाळवीला वैदिक वाङ्मयात वम्री, उपजिह्विका, उपजीका, उपदीका अशी नावे येतात. कोशांतील उपदेहिका, प्राकृतातील उद्देही आणि मराठी-गुजरातीतील उधई ही एका माळेतील रूपे दिसतात. शतपथ ब्राह्मणाच्या चौदाव्या कांडात एक कथा आहे. धनुष्यावर डोके टेकून उभ्या असलेल्या विष्णूच्या धनुष्याची दोरी कुरतडण्याचे काम वाळवी पत्करते, आणि मोबदला म्हणून तिला अन्नाचा उपभोग आणि वाळवंटातही पाणी सापडेल असा वर मिळतो. अथर्ववेदातही उपजीका कोरड्या भूमीवर पाणी आणतात असा उल्लेख आहे. कथेचा यज्ञीय अर्थ काहीही असो, तिच्या मुळाशी असलेले निरीक्षण अचूक आहे. इमारतींना अधिक उपद्रव देणारी वाळवी जमिनीतून येते, मातीची नळी बांधीत भिंतीवर चढते आणि त्या नळीतून आपली ओल बरोबर वाहून आणते. ती नळी मोडली की उघड्या हवेत तिचा टिकाव लागत नाही. वाळवीचा प्रश्न हा मुळात पाण्याचा प्रश्न आहे, हे ज्यांनी वाळवंटातल्या पाण्याचा वर कल्पिला त्यांना कळले होते.

घुण हा प्राणी मात्र निराळा. त्याला मातीची वा ओलीची गरज नाही. तो वाळलेल्या लाकडात आणि बांबूत राहतो, पिष्टावर जगतो आणि मागे पिठासारखा भुगा टाकतो. त्याने पोखरलेल्या रेघांतून कधी चुकून अक्षराचा आकार उमटतो, ह्यावरून घुणाक्षरन्याय निघाला. अलंकारशास्त्रात आणि तर्कात हा न्याय सर्वपरिचित आहे; परंतु भाज्याच्या फासळीवर मनुष्याने कोरलेले अक्षर वाचता येते ते घुणाने तेथे आपले अक्षर काढले नाही म्हणून, ही गंमत सहसा ध्यानात येत नाही. देहरादूनच्या वनकीटकशास्त्रज्ञांनी आपल्या इंग्रजी लिखाणातही बांबू पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला ‘घून’ हेच नाव चालू ठेवले. कोरडे लाकूड लीलया भेदणारा भ्रमर कोवळ्या कमळात अडकतो, हा ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातील दृष्टांत तिसऱ्याच प्राण्याचा, लाकडात घर करणाऱ्या काळ्या भुंग्याचा आहे. इंग्रजीने वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणून जो घोटाळा केला तो येथे झालेला नाही. वाळवीचे नाते मुंगीशी नाही, झुरळाशी आहे, हे अर्थात अलीकडच्या शास्त्राने ठरविले.

कीटकांहून मोठा शत्रू म्हणजे लाकूड कुजविणारे कवक. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या शुष्क वजनाच्या वीस टक्क्यांखाली राहिले तर कवक वाढत नाही. ते तीस टक्क्यांच्या आसपास वा पुढे गेले की वाढीला मुभा मिळते. परंतु कवकाला पाण्याप्रमाणेच हवाही लागते. पाटलिपुत्राच्या लाकडी तटाला ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे होते, असे मेगॅस्थिनीसच्या आधाराने ग्रीक लेखकांनी नमूद केले आहे. पाटण्याजवळ बुलंदीबाग येथील उत्खननात ह्या तटाचे सालवृक्षाचे वासे पाणथळ मातीत खोल गाडलेले सापडले, तेव्हा ग्रीकांच्या कथनाला आधार मिळाला. जे लाकूड जमिनीवर होते ते केव्हाच नाहीसे झाले. जे कायम पाण्याखाली राहिले ते हवेअभावी वाचले. भाज्याचे लाकूड कोरडे राहून टिकले, पाटलिपुत्राचे ओले राहून. नाश होतो तो मध्ये, जेथे लाकूड भिजते आणि वाळते, पुन्हा भिजते आणि पुन्हा वाळते. जमिनीच्या पातळीवर कुजलेला कुंपणाचा खांब ज्याने उपटला आहे त्याला हे ठाऊक असते.

जुन्या काष्ठरक्षणाचे रूप ह्यावरून स्पष्ट होते. त्यात औषध देण्याला फारसे स्थान नव्हते. निवड आणि विलगता ह्या दोन गोष्टींवर भिस्त होती. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वनसंप्रवेश नावाचा अध्याय आहे. तो देवप्रतिमेच्या लाकडासाठी असला तरी ह्या ग्रंथातील निषेध बोलके आहेत: स्मशानातील, वाटेवरील, देवालयातील, वारुळावर वाढलेला, पक्ष्यांची घरटी असलेला, वेलींनी वेढलेला, विजेने वा हत्तीने मोडलेला, शेंडा वाळलेला वृक्ष घेऊ नये. वारुळावरील झाड नको म्हणणे आणि वाळलेल्या शेंड्याचे नको म्हणणे, कारण शेंडा वाळला तर गाभा पोकळ असण्याचा संभव, हे सुताराचे शहाणपण आहे. स्मशान आणि देवालय ह्यांचा निषेध मात्र तसा नाही, आणि प्रत्येक विधीच्या पोटी विज्ञान शोधण्याचा जो हव्यास अलीकडे दिसतो तो येथे आवरलेला बरा. वराहमिहिर स्वतः अतिशयोक्तीला भीत नाही. ज्या वज्रलेपाच्या कृतीत कच्ची टेंभुर्णीची व कवठाची फळे, गुग्गुळ, बिब्बा, राळ इत्यादी पदार्थ येतात, तो लेप प्रासादाला, गवाक्षाला किंवा प्रतिमेला कढत लावल्यास कोटी वर्षे टिकतो, असे त्याने निःशंकपणे सांगून टाकले आहे.

महाराष्ट्रातील वाड्यांच्या बांधणीत विलगतेचे तत्त्व अधिक स्वच्छ दिसते. वाड्याचा खांब जमिनीत पुरला जात नाही. दगडी जोत्यावर तळखडा बसवितात आणि त्या घडीव दगडावर खांब उभा राहतो, त्यामुळे जमिनीची ओल लाकडात चढत नाही. वाळवी आलीच तर तिला दगडावरून मातीची नळी बांधीत यावे लागते आणि झाडणाऱ्या बाईच्या नजरेस ती पडते. वळचण पुढे काढलेली असते, त्यामुळे पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर पडते. चुलीच्या धुराने काळवंडलेले आढे आणि वासे कोरडे राहतात. जेथे ह्या योजनेत फट पडते तेथे वाडा खचू लागतो: भिंतीत गाडलेली तुळईची टोके आणि कौल फुटल्यामुळे भिजणारा कडीपाट ही दोन ठिकाणे नेहमीची. पुण्याचा शनिवारवाडा १७३० मध्ये बांधावयास घेतला आणि १८२८ मध्ये जळाला. त्याच्या लाकडाला कीड काय करते ते पाहण्याची संधी काळाला मिळालीच नाही.

ज्याला सार असे नाहीच, त्या बांबूच्या बाबतीत वेगळा उपाय होता. बांबूत पिष्ट भरपूर आणि गाभा पोकळ. पावसाळा सरल्यावर, नवीन कोंबांची वाढ संपल्यावर तो तोडावा आणि काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा, ही रीत सर्वत्र आढळते. पाण्यात पिष्ट व शर्करा झिरपून जातात आणि घुणाला खाद्य उरत नाही. कृष्णपक्षातच तोड करावी ह्या नियमाला प्रयोगांनी निर्विवाद पाठिंबा मिळालेला नाही; ऋतूच्या नियमाला मिळाला आहे. येथेही विष नाही. लाकडातील भक्ष्य काढून घेणे, एवढेच आहे.

ही पद्धती शहाणपणाची होती. ती स्वस्त मात्र नव्हती, आणि तिची किंमत घर बांधणारा देत नसून अरण्य देत होते. सार तयार होण्यास काळ लागतो. कोवळ्या सागात रसकाष्ठच फार; मोठा गाभा हवा तर शंभर वर्षांच्या जवळपास वाढलेले झाड हवे, आणि ते तोडल्यावर त्यातील बराच भाग फल्गु म्हणून टाकून द्यावयाचा. अठराव्या शतकाच्या आरंभी, १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जे नियम आहेत, त्यांत ह्या मर्यादेची जाणीव स्पष्ट आहे. राज्यातील अरण्यांतून सागासारखे वृक्ष तोडावयाचे ते परवानगीनेच; अधिक लागेल ते परमुलुखातून विकत आणावे; रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. झाडाच्या वयाचा विचार राज्यनीतीत आणणारे हे कलम प्रसिद्धच आहे. त्यात दया आहे तसाच हिशोबही आहे, आणि परमुलुखातून खरेदी करण्याच्या सल्ल्यात टंचाईची चाहूल आहे.

पुढील शतकात ही टंचाई साम्राज्याच्या प्रमाणावर गेली. इंग्लंडातील ओक संपत आला होता आणि जो मिळे तो ओलाच वापरला जाई. १८१० मध्ये जलावतरण झालेले ‘क्वीन शार्लट’ हे मोठे लढाऊ जहाज समुद्रावर कामगिरी करण्यापूर्वीच कुजीने इतके पोखरले की, त्याची फेरबांधणी करावी लागली. त्याच सुमारास मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे कारागीर सागाची जहाजे बांधीत होते. १८१७ मध्ये तेथे पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडातील हार्टलपूल येथे तरंगत आहे. सागाच्या कीर्तीला ह्याहून मोठा पुरावा नको. आणि सागाच्या विध्वंसालाही नको. मलबारच्या जंगलांतून इतके लाकूड निघाले की, १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन ह्यास वनरक्षक नेमून मक्तेदारी पुकारावी लागली. लोकांच्या रोषाने १८२३ मध्ये ती रद्द झाली. आणि १८४० च्या दशकात कनोली ह्याने निलंबूर येथे साग लावण्यास प्रारंभ केला. तोडणाऱ्यालाच लावणे भाग पडले.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला, त्या दिवसापासून लाकडाच्या मागणीचे स्वरूपच पालटले. रुळाखालचे स्लीपर किलोमीटरला हजाराहून अधिक लागतात. घराचा खांब दगडावर उभा करता येतो. स्लीपर मात्र उघड्या आभाळाखाली, जमिनीला लागून, भिजत आणि वाळत पडून राहावयाचा. लाकडासाठी ह्याहून वाईट जागा कल्पिता येणार नाही. जुन्या पद्धतीच्या दोन आधारांपैकी विलगता येथे मुळातच अशक्य, म्हणून सारा भार निवडीवर आला: साग, साल आणि देवदार. उत्तम लाकूडही दहा-पंधरा वर्षांत बदलावे लागे. १९०० च्या सुमारास भारतातील लोहमार्ग चाळीस हजार किलोमीटरच्या घरात गेले होते. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस ह्याची वनखात्याचा प्रमुख म्हणून नेमणूक, १८६५ आणि १८७८ चे वनकायदे, राखीव जंगलांची आखणी, ह्या सर्वांमागे महसुलाइतकाच स्लीपर उभा आहे. राखीव झालेल्या जंगलातील सार आता पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या कडेला राहणाऱ्यांचे राहिले नाही. काष्ठरक्षणाच्या इतिहासात हा भाग सहसा येत नाही. तो वनखात्याच्या इतिहासात टाकला जातो आणि दोन्ही इतिहास अपुरे राहतात.

बेथेलच्या पद्धतीला महत्त्व आले ते ह्या पार्श्वभूमीवर. लोखंडाच्या लांब बंद टाकीत लाकूड ठेवून प्रथम आतली हवा ओढून घेतात, म्हणजे पेशी रिकाम्या होतात. मग गरम क्रिओसोट सोडून वातावरणाच्या सुमारे दहापट दाबाने ते आत भरतात. ह्या टाकीने एक विलक्षण गोष्ट उघडकीस आणली. सार औषध पीत नाही. ज्या राळेने आणि बंद झालेल्या वाटांनी त्याला टिकाऊपणा दिला, त्याच वाटा तेलाला अडवितात. रसकाष्ठ मात्र, पाणी वाहून नेण्याचीच त्याची घडण असल्याने, तेल सहज शोषून घेते, आणि भरलेले रसकाष्ठ न भरलेल्या सारापेक्षाही अधिक काळ टिकू शकते. दोन-तीन सहस्रकांची प्रतवारी ह्या टाकीत उलटी झाली: फल्गु हे सारापेक्षा अधिक मोलाचे ठरले. खऱ्या अर्थाने पालट म्हणावयाचा तर तो हा. एकोणिसाव्या शतकात मनुष्याला लाकूड राखण्याची कला प्रथमच सापडली, असे झाले नाही. ज्या लाकडाला पूर्वी कोणी राखण्यायोग्य मानले नव्हते ते राखण्याची गरज त्या शतकात पडली, कारण राखण्यायोग्य लाकूड संपत आले होते.

भारतात आरंभी क्रिओसोट भरलेले पाइनचे स्लीपर चक्क विलायतेहून आणले जात. १९०६ मध्ये देहरादून येथे वनसंशोधन संस्था स्थापन झाली आणि देशी लाकडांवर प्रयोग होऊ लागले, आर. एस. पीअर्सन ह्याचे स्लीपरांच्या परिरक्षणावरील टिपण १९१२ चे आहे. पंजाबात धिलवान येथे उभारलेल्या कारखान्यात चीर व कैल ही हिमालयातील मऊ लाकडे क्रिओसोटने भरली जाऊ लागली. परंतु क्रिओसोटचे दोष होते. ते काळे, उग्र वासाचे, चिकट. त्याच्यावर रंग बसत नाही. घराच्या आत ते कोणी सोसणार नाही. क्षारांची द्रावणे स्वच्छ असत, पण पहिल्याच पावसात धुऊन जात.

ही अडचण सोडविली ती देहरादूनच्या संस्थेतील सोंटी कामेशम ह्या भारतीय अभियंत्याने. १९३३ मध्ये त्यांनी ताम्र, सोमल आणि क्रोमियम ह्यांच्या क्षारांचे जे मिश्रण सिद्ध केले, त्यात सोमलाच्या पेंटॉक्साइडाचा एक, मोरचुदाचा तीन आणि डायक्रोमेटाचा चार असे भाग होते. ताम्राने कवक मरते, सोमलाने कीटक. परंतु शोध खरा तो तिसऱ्या घटकात आहे. क्रोमियमचा लाकडाच्या घटकांशी संयोग होऊन तिन्ही द्रव्ये न विरघळणाऱ्या रूपात पेशींत जखडली जातात. पाण्यातून भरावे आणि मग पाण्याने धुऊन जाऊ नये, हे परस्परविरोधी वाटणारे काम ह्या युक्तीने साधले. सोमल आणि ताम्र ह्यांच्या रासायनिक चिन्हांवरून त्याला ‘अॅस्कू’ हे नाव पडले. भुकटीच्या रूपाने ते कोठेही नेता येई. त्यावर रंग देता येई. आणि ते घरातील लाकडाला चालत असे. १९३८ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर हे मिश्रण जगभर गेले; न्यूझीलंडात लागवडीच्या रेडिआटा पाइनचा, म्हणजे जवळजवळ निव्वळ रसकाष्ठाचा, सर्व व्यवहार त्याच्यावर उभा राहिला. भारतातून निघून सर्व जगाच्या घरबांधणीत शिरलेल्या आधुनिक शोधांची यादी लांब नाही. तिच्यात हा शोध असूनही कामेशम ह्यांचे नाव विज्ञानाच्या पदवीधरांनाही क्वचितच माहीत असते.

ह्या शोधाने किती जंगल वाचविले ह्याचा विचार त्याच्या दोषांपूर्वी करणे न्याय्य होईल. वीस-पंचवीस वर्षांत वाढणारे, जुन्या प्रतवारीत फल्गु ठरलेले लाकूड पन्नास वर्षे टिकू लागले, तेव्हा शंभर वर्षांच्या वृक्षावरील ताण त्या प्रमाणात हलका झाला. परंतु सोमल तो सोमलच. जखडलेले द्रव्यही अल्प प्रमाणात सुटते आणि खांबाभोवतीच्या मातीत उतरते, असे आढळून आल्यावर अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापराच्या लाकडासाठी हे मिश्रण उत्पादकांनी मागे घेतले, आणि २००४ पासून युरोपातही त्याच्यावर कडक बंधने आली. वाळवीसाठी इमारतीच्या पायाखालील मातीत ओतली जाणारी अॅल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर ही द्रव्ये तर २००१ च्या स्टॉकहोम कराराच्या पहिल्याच बारा नावांत आहेत. ती वर्षानुवर्षे नष्ट होत नाहीत, हा एके काळी त्यांचा गुण म्हणून सांगितला जात होता.

तेव्हापासूनचे संशोधन पुन्हा दोन जुन्या आधारांकडे वळलेले दिसते. टाकणखारातील बोरॉन मनुष्याला तुलनेने सौम्य आणि कीटकांना घातक. परंतु तो पावसाने धुपतो, म्हणून छपराखाली कोरड्या राहणाऱ्या लाकडालाच उपयोगी. म्हणजे वळचण आलीच. हवाई बेटांत इमारतीच्या पायाखाली दोन मिलिमीटरच्या आसपास मापाची बेसाल्ट खडी दाबून घालतात. तिचे कण वाळवीला उचलता येत नाहीत आणि मधल्या फटींतून तिला जाता येत नाही. तळखड्याचा काळा दगड येथे चुरा होऊन परत आला आहे. सुमारे दोनशे अंश उष्णतेत लाकूड भाजून त्यातील कवकाचे खाद्यच पालटून टाकण्याची पद्धत बांबू पाण्यात भिजविण्याच्या जातीची आहे.

सागाची स्थिती मात्र विचित्र झाली आहे. लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात रसकाष्ठ पुष्कळ असते, आणि त्याचा गाभाही जुन्या वृक्षाच्या गाभ्याइतका टिकाऊ नसतो, असे परीक्षणात आढळते. बाजारात नाव तेच चालते. त्यामुळे पुण्यात, नाशकात आणि वाईत पाडल्या जाणाऱ्या वाड्यांच्या खांबांना आणि तुळयांना मोठी किंमत येते. ते चिरून त्यांची दारे-खिडक्या होतात, आणि दीड-दोनशे वर्षांपूर्वी तोडलेले सार दुसऱ्या घरात जाते. विष भरलेल्या लाकडाला असे दुसरे घर मिळणे कठीण. चिरताना त्याचा भुसा अपायकारक, पुरल्यास माती दूषित, आणि जाळल्यास राखेत सोमल उरतो, म्हणून ते चुलीत घालण्यास मनाई आहे. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातील एकशेदोनाव्या सूक्तात ऋषी अग्नीला हाताशी असेल ते लाकूड वाहतो. उपजिह्विकेने खाल्लेले आणि वम्र ज्याच्यावरून चालून गेला तेही तुला तुपासारखे होवो, असे म्हणतो. वाळवीने खाल्लेल्या लाकडाला निदान अग्नी तरी घेत असे.